गाडीनंच वास घ्यायचा म्हटलं तर

कर्जतहून परत येत होतो. रात्रीचे साडेबारा. गाडीत चौघं. तिघांनी घेतलेली, आणि चौथा, म्हणजे चालवणारा, जन्मात थेंब न घेतलेला. आमच्या ग्रुपमध्ये हे काम त्याच्या गळ्यात कायमचं पडलंय. पनवेलच्या अलीकडे नाकाबंदी लागली. हवालदारांनी काच खाली करायला लावली, डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "वास येतोय." मित्र म्हणाला, "गाडीला येतोय साहेब, मला नाही." मग नळी लावलेलं यंत्र पुढे आलं. फुंका. अजून. अजून. सोडू नका मध्येच. आकडा आला शून्य. मागच्या सीटवरून आमच्यातल्या एकानं टाळ्या वाजवल्या. त्या वाजवल्या नसत्या तर पाच मिनिटं आधी सुटलो असतो, पण ते जाऊ दे.

त्या दीड मिनिटात दोन वेगवेगळ्या तपासण्या झाल्या. पहिली नाकानं. ती फुकट, झटपट, आणि चालवणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. पण वास कुणाचा, ते नाकाला सांगता येत नाही. दुसरी नळीनं. ती माणूस नेमका पकडते, पण त्यासाठी त्या माणसानं थांबून, तोंड लावून, जीव खाऊन फुंकावं लागतं. अमेरिकेत गेली काही वर्षं जो खटाटोप चाललाय तो असा, की गाडीनं नाकासारखं गुपचूप काम करायचं आणि उत्तर मात्र नळीसारखं नेमकं द्यायचं.

हा केवळ संशोधकांचा हौसेचा उद्योग नाही, तसा कायदाच झालाय. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या पायाभूत सुविधांच्या मोठ्या कायद्यावर बायडन यांनी सही केली. त्यात एक कलम होतं: नव्या प्रवासी गाड्यांत मद्यधुंद चालकाला ओळखून थांबवणारं तंत्रज्ञान असलं पाहिजे, आणि ते 'पॅसिव्ह' हवं, म्हणजे चालकाला वेगळं काही करायला लागता कामा नये. नियम तयार करायचं काम तिथल्या रस्ता सुरक्षा संस्थेकडे, 'नित्सा'कडे, दिलं आणि मुदत ठेवली नोव्हेंबर २०२४ ची. मुदत उलटली, अंतिम नियम काही आला नाही. तिकडे २०२३ या एका वर्षात दारू पिऊन चालवण्यातून झालेल्या अपघातांत १२,४२९ माणसं गेली. रस्त्यावरच्या एकूण मृत्यूंपैकी हे जवळपास ३० टक्के. म्हणजे घाई नाही असं कुणी म्हणू शकत नाही. मग अडलंय कुठे?

अडलंय ते मोजमापात. त्यासाठी आधी आकडे किती बारीक आहेत ते बघू.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा आहे १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ८०, फक्त युटात २०१८ च्या अखेरीपासून ५०. फुप्फुसात रक्त आणि हवा एकमेकांना भिडतात तेव्हा रक्तातली थोडी दारू हवेत उतरते. हिशेबाला धरलेलं प्रमाण २१०० ला १ असं आहे. म्हणजे १०० मिलिलीटर रक्तात जेवढी दारू, तेवढी साधारण २१० लीटर श्वासात. आपण शांत बसलेलो असताना एका श्वासातून अर्धा लीटर हवा बाहेर टाकतो. तेव्हा आपल्याकडच्या मर्यादेवर नेमका टेकलेला माणूस एका श्वासात दारू सोडतो ती ०.०७ मिलिग्रॅम. बारीक मिठाचा एक कण जवळपास एवढाच भरेल.

नाकाबंदीवरच्या नळीत हा कण निदान अखंड पोचतो. आत प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड असतात, त्यांवर दारूचं ऑक्सिडीकरण होतं, त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह निघतो आणि तो मोजला जातो. गाडीतल्या पॅसिव्ह यंत्राला मात्र तो कण केबिनभर विखुरल्यावर शोधायचा असतो. एसी चालू, काच अर्धी उघडी, बाजूला तीन मित्र गप्पा मारतायत.

इथे एक युक्ती वापरतात, आणि ती मला फार आवडते. आपण बाहेर सोडतो त्या हवेत चार-पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरच्या हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के. समजा स्टिअरिंगच्या बुंध्याजवळ बसवलेल्या सेन्सरला कार्बन डायऑक्साइड ०.१ टक्क्यानं वाढलेला दिसला. श्वासात तो ४ टक्के होता असं धरलं, तर यंत्राला कळतं की माझ्यापर्यंत पोचेस्तोवर हा श्वास चाळीस पट पातळ झालाय. मग त्याच हवेत जेवढी दारू सापडली तिला चाळीसनं गुणायचं. दुधात पाणी किती हे आधी ओळखायचं आणि मग मूळ दूध किती दाट होतं ते काढायचं, तसला हिशेब. दोन्ही वायू अवरक्त किरणांनी मोजतात, कारण प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश गिळतो. त्या लांबीचा प्रकाश किती कमी पोचला यावरून वायू किती ते कळतं.

फक्त चाळीसनं गुणताना चूकही चाळीसनं गुणली जाते. आणि त्या वाढलेल्या ०.१ टक्क्यात मागे बसलेल्या तिघांचा श्वासही मिसळलेला असू शकतो. आमच्या कर्जतच्या गाडीत अशा यंत्रानं काय दाखवलं असतं? सेन्सर चालकाच्या तोंडासमोर असेल आणि क्षणाक्षणाचे चढउतार टिपत असेल, तर एकेका श्वासाचा झोत वेगळा काढता येतो. नाही आला, तर न पिणारा एकटा माणूस तीन पिणाऱ्यांमुळे रस्त्यात अडकणार. आणि पिऊन चालवू नका, एकानं तरी न पिता राहा, हेच तर आपण लोकांना सांगत असतो. जे शहाण्यासारखं वागले त्यांनाच पहिला फटका.

या संशोधनाचा अमेरिकेतला मुख्य प्रकल्प 'डॅड्स' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. २००८ मध्ये नित्सा आणि वाहन कंपन्यांच्या एका संघटनेनं मिळून तो सुरू केला. त्यात दोन वाटा आहेत, श्वासाची आणि बोटाची. बोटाच्या वाटेत स्टार्टचं बटण दाबताना त्यातून अवरक्ताच्या जवळचा प्रकाश कातडीत शिरतो आणि आतल्या बारीक केशिकांपाशी दारूची खूण शोधून परत येतो. इथे केबिनच्या हवेचा प्रश्न मिटतो. नवे मात्र उभे राहतात. थंड बोटं, हातमोजे, राबून घट्टे पडलेली कातडी. कोविडच्या काळात घराघरात पोचलेले ते चिमट्यासारखे ऑक्सिमीटर आठवतात? सावळ्या-काळ्या कातडीवर ते रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षाहून जास्त दाखवतात, हे २०२० मध्ये चांगलं गाजलं होतं. बोटाच्या यंत्राची तरंगलांबी वेगळी आहे, त्यामुळे तोच दोष इथे असेल असं म्हणायचं कारण नाही. पण चाचणीला बसवलेल्या माणसांत कोणकोणत्या रंगाचे, वयाचे, कामाचे हात होते, हे विचारायलाच हवं. मेंदीचे हात होते का?

तिसरी वाट कॅमेऱ्याची. डोळे कुठे बघतायत, पापणी किती मिटते, गाडी लेनमध्ये कशी डुलते, यावरून अंदाज बांधायचा. व्होल्वोनं २०१९ मध्ये असे कॅमेरे आणण्याची घोषणा केली होती. कॅमेरा दारू मोजत नाही, वागणं बघतो. त्यामुळे झोपाळलेला, रक्तातली साखर उतरलेला आणि पिलेला, हे तिघं त्याला सारखेच दिसू शकतात. रस्त्याच्या दृष्टीनं तिघंही धोकादायक, हे खरं. पण कॅमेऱ्याला कळतं ते गाडी निघाल्यावर. एक्स्प्रेस-वेच्या मधल्या लेनमध्ये, बोरघाटात, मागे कंटेनर असताना गाडीनं "तुम्ही प्यायलेले दिसता" असं ठरवलं तर पुढे तिनं करायचं काय? वेग कमी करायचा, कडेला घ्यायची, की नुसतंच ओरडत राहायचं? ओळखण्यापेक्षा ओळखल्यानंतरचं अवघड आहे, आणि त्यावर बोलणं फार कमी होतं.

आता मूल्यमापनाकडे येतो. खरी मेख इथे आहे.

कुणी तुम्हाला म्हणालं, "आमचं यंत्र ९९ टक्के अचूक आहे," तर लगेच माना डोलवू नका. कागद-पेन घ्या. समजा एका शहरात दिवसाला दहा लाख वेळा गाड्या सुरू होतात, आणि त्यातल्या शंभरात एका वेळी चालक प्यायलेला असतो. (हे आकडे हिशेबासाठी घेतलेत, कुठल्या शहराचे नाहीत.) म्हणजे १०,००० प्यायलेले आणि ९,९०,००० न प्यायलेले. यंत्र दोन्ही बाजूंनी ९९ टक्के बरोबर. प्यायलेल्यांपैकी ९,९०० पकडले. झकास. आता न प्यायलेल्यांपैकी एक टक्का चुकून अडवले. किती झाले? तेही ९,९००. म्हणजे यंत्रानं थांबवलेल्या प्रत्येक दोघांतला एक जण धडधडीत शुद्धीत आहे.

हे रात्रीचं झालं म्हणू. सकाळी नऊला हजारात एखादाच प्यायलेला असेल असं धरा. मग १,००० पैकी ९९० पकडले जातात आणि ९,९९० निरपराध अडकतात. अडवलेल्या अकरा जणांत दहा जण ऑफिसला निघालेले. यंत्र तेच, चूकही तेवढीच. फक्त ज्यांना शोधायचंय ते कमी झाले.

एका माणसाच्या बाजूनं बघितलं तर आणखी ठळक दिसतं. दिवसातून चार वेळा गाडी सुरू करणाऱ्याला ९९ टक्केवालं यंत्र सरासरी दर पंचवीस दिवसांनी विनाकारण नाही म्हणेल. ९९.९ टक्के केलं तर साधारण आठ महिन्यांनी एकदा. तेही एखाद्या वेळी मध्यरात्री, आजोबांच्या छातीत दुखत असताना, किंवा बाई एकटी निर्मनुष्य जागी असताना. दहा लाखांत एक चूक इथवर आणलं, तर मात्र एका माणसाच्या वाट्याला ती जवळपास सातशे वर्षांतून एकदा येते, म्हणजे येतच नाही. म्हणूनच 'डॅड्स'च्या लोकांनी स्वतःसाठी ठेवलेल्या अटी ऐकायला अघोरी वाटतात: सेकंदाच्या एक तृतीयांश वेळात उत्तर, उणे ४० पासून ८५ अंश सेल्सिअसपर्यंत काम, आणि मोजमापातली चूक आजच्या यंत्रांच्या मानानं नगण्य. नागपुरात मे महिन्यात दुपारभर उन्हात उभी राहिलेली गाडी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे वरच्या तापमानाची अट कशाला लागते ते कळेल. शिवाय पोलिसांची किंवा न्यायालयानं बसवायला लावलेली यंत्रं ठरावीक काळानं तपासून पुन्हा नीट लावून घ्यावी लागतात. गाडीत बसवलेलं यंत्र धूळ, परफ्यूम आणि सॅनिटायझरच्या वाफा खात पंधरा वर्षं कुणी हात न लावता चालायला हवं.

चाचण्या होतात त्या पायरीपायरीनं. आधी नेमकी माहीत असलेली दारू मिसळलेल्या वायूवर. मग माणसांवर. मॅसॅच्युसेट्समधल्या मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये स्वयंसेवकांना मोजून दारू देऊन त्यांचं रक्त, श्वास आणि बोट एकाच वेळी तपासलं गेलं. नुसतं रिकाम्या पोटी पाजून नाही, तर जेवणाबरोबर, चरत-चरत खाताना, व्यायाम करून, आणि बार बंद होताना लोक शेवटचा पेला घटाघट ओततात तशाही तऱ्हेनं. शेवटची तऱ्हा महत्त्वाची, कारण पोटातली दारू रक्तात पोचायला वेळ लागतो. कुणी निघता निघता दोन पेग रिचवून पाच मिनिटांत गाडीत बसला, तर त्या क्षणी त्याचा आकडा मर्यादेखाली असू शकतो आणि वीस मिनिटांनी, हायवेवर, तो मर्यादा ओलांडतो. एकदाच तपासणाऱ्या यंत्रातून हा माणूस सहीसलामत सुटेल. उलट बाजूला माउथवॉशनं नुकती चूळ भरलेला. त्याच्या तोंडात दारू आहे, रक्तात नाही. पंधरा मिनिटं थांबला तर आकडा शून्य. पहिला सुटतो आणि दुसरा अडकतो, आणि सरासरी अचूकतेच्या टक्केवारीत दोघंही दिसत नाहीत.

चाचणीची तिसरी पायरी रस्त्यावरची. व्हर्जिनियातल्या एका वाहतूक कंपनीच्या गाड्यांत २०१८ पासून ही यंत्रं बसवून बघितली गेली. त्यातून २०२१ मध्ये व्यावसायिक गाड्यांसाठी पहिलं रूप पुढे आलं, ते मात्र पूर्ण पॅसिव्ह नव्हतं. चालकानं सेन्सरच्या दिशेनं एक छोटी फुंकर मारायची, आणि मर्यादा शून्य. ही तडजोड मला शहाणपणाची वाटते. शून्याची मर्यादा असली की "२८ की ३२" हा वादच संपतो. नुसतं आहे की नाही, एवढंच ओळखायचं.

चांगलं यंत्र एका फालतू त्रासापायी कसं मरतं, याचं उदाहरण अमेरिकेतच आहे. १९७४ च्या मॉडेलच्या नव्या गाड्यांत सीटबेल्ट लावल्याशिवाय इंजिन सुरू होत नसे. हेतू उत्तम. पण पुढच्या सीटवर किराण्याची जड पिशवी ठेवली किंवा कुत्रा बसला, तरी गाडी म्हणे, आधी बेल्ट लाव. लोक इतके भडकले की त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथल्या संसदेनं, म्हणजे अमेरिकी काँग्रेसनं, ही सक्ती कायद्यानंच बंद केली. शिवाय सरकारला आठ सेकंदांपेक्षा जास्त वाजणारा बझर सक्तीचा करता येणार नाही, हेही लिहून ठेवलं. आपल्याकडे संसदेपर्यंत जायची गरज पडत नाही. बेल्टचा आवाज बंद करणाऱ्या खोट्या क्लिपा ऑनलाइन खुलेआम मिळत होत्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ई-कॉमर्स कंपन्यांवर आदेश काढले तेव्हा अशा १३,११८ जाहिराती उतरवाव्या लागल्या. दारूचं यंत्र आलं की त्याच्या आठवडाभर आधी त्याचा तोडगा बाजारात असेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

तरीही यंत्राचा उपयोग होतो याचा पुरावा आहे, आणि तो जुन्या, नळीवाल्या यंत्राचा आहे. अमेरिकेत पिऊन चालवताना सापडलेल्यांच्या गाडीत न्यायालयाच्या किंवा परवाना खात्याच्या आदेशानं इंटरलॉक बसवतात. फुंकल्याशिवाय गाडी सुरू नाही, आणि चालू असतानाही मधूनच पुन्हा फुंकायला सांगते. तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या, सीडीसीच्या, आकड्यांप्रमाणे यंत्र असेपर्यंत पुन्हा त्याच गुन्ह्यात सापडण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटतं. काढलं की माणूस बऱ्याच अंशी मूळ पदावर. यातून सवय सुटत नाही, हात अडतो. तो अडला तरी समोरून येणारा वाचतो.

सगळ्याच गाड्यांत यंत्र आलं तर वर्षाला दहा हजारांवर जीव वाचतील, असा तिथल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेचा अंदाज आहे. 'सगळ्याच' हा शब्द विसरू नका. अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या गाडीचं सरासरी वय बारा वर्षांच्या वर आहे. नियम उद्या आला तरी जुन्या गाड्या भंगारात जाऊन नव्या येईपर्यंत एक पिढी शाळेतून कॉलेजात जाईल. विरोधक याला 'किल स्विच' म्हणतात आणि सरकार दुरून तुमची गाडी बंद करील असं सांगतात. कायद्याच्या मजकुरात पोलिसांच्या हाती असं बटण देण्याचं कलम नाही. पण रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या श्वासाची नोंद होणार असेल तर ती कुठे साठते आणि माझ्या विमा कंपनीला दिसते का, हा प्रश्न अगदी वाजवी आहे.

युरोपनं हळू पाऊल टाकलं. तिथे जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत इंटरलॉक जोडण्याची सोय असली पाहिजे. यंत्र नव्हे, नुसती सोय. फ्रान्सनं प्रवासी बसगाड्यांना २०१५ पासून यंत्रच सक्तीचं केलं. जपानमध्ये पाच किंवा जास्त गाड्या बाळगणाऱ्या कंपन्यांना डिसेंबर २०२३ पासून चालकाची यंत्रानं तपासणी करावी लागते, जाताना आणि आल्यावर. गाडीत काहीच बसवायचं नाही, ऑफिसात फुंकायचं, नोंद ठेवायची.

आपल्याकडे सुरुवात करायचीच तर मी तिथून करीन. शाळेच्या बस, रात्रीच्या स्लीपर, टँकर. चालक ठरलेले, मर्यादा शून्य, फुंकायला सांगितलं तर कुणाचा अपमान नाही, आणि बिघडलेलं यंत्र डेपोत दुरुस्त करता येतं. चुकून कुणी अडलाच तर दुसरा चालक बसवता येतो. घरच्या गाडीत ही सोय नसते. मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून केवढं रान उठलं ते आपण पाहिलंच. गाडी सुरू होण्याआधी घेतलेल्या फुंकरीत निदान नमुना बदलायला वाव कमी.

हे सगळं मित्राला फोनवर सांगत होतो. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "म्हणजे तुझ्या त्या यंत्राची खरी परीक्षा घ्यायची तर मला बोलवा. तुम्ही तिघं मागे बसा, काचा बंद, एसी फुल. मी सुरू करतो. झाली सुरू तर घ्या विकत." चाचणी म्हणून ही अगदी बरोबर आहे. मग त्यानं विचारलं, "आणि बाइकवाल्यांचं काय?"

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची. दुचाकीला केबिन नाही, तोंडावर हेल्मेट, हातात मोजे, आणि श्वास निघाला की वाऱ्यावर. तिथे अजून तरी नळी आहे आणि हवालदारांचं नाक आहे.